राणीबायचा मुराळी

आमच्या माजघरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत एक लाल मुंडासं असायचं. वर्षातून एकदाच, देवदिवाळीच्या सकाळी, ते बाहेर निघायचं आणि मग दिवसभर घराला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. आमचं घराणं म्हणे सरदाराचं. सरदाराच्या घरी तलवार असावी, ढाल असावी, गेला बाजार एखादी गंजकी कट्यार तरी. आमच्याकडे उरलं होतं ते हे मुंडासं, आणि तेसुद्धा जुनं फाटल्यावर काकाने मुंबईहून आणलेलं. मी लहानपणापासून तोंडाळ. एकदा जेवताना मी हे बोलून दाखवलं, तेव्हा बाबा ताटावरून उठून गेले.

ते मुंडासं मुराळ्याचं होतं. लग्न झालेल्या मुलीला सासरहून माहेरी आणायला जो जातो तो मुराळी. बहुतेक तिचा भाऊच जातो. आमच्या घरचा मुराळी दर देवदिवाळीला जिला आणायला जायचा, ती मरून किती शतकं झाली हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

गावात तिला राणीबाय म्हणत. ती राणी नव्हती. सुलतानांच्या अमलात आमच्या डोंगरावर एक गढी होती, त्या गढीवरच्या सरदाराची ती लेक. बंदरातून मीठ आणि सुकी मासळी घेऊन बैलांचे तांडे घाटावर जायचे ते आमच्या गावामागच्या खिंडीतून, आणि त्या खिंडीतली जकात कुणी घ्यायची यावरून आमच्या सरदारात आणि खिंडीपलीकडच्या सरदारात पिढ्यांचं वैर. माणसं कापून कापून दोन्हीकडचे दमले तेव्हा तह ठरला, आणि तहाची खूण म्हणून ही पोर पलीकडच्या घरात दिली. पुढे एका देवदिवाळीला भाऊ तिला माहेरी घेऊन आला. रात्री तिने आईला काय सांगितलं ते कुणाला माहीत नाही, पण सकाळी ती भावाच्या पायाला मिठी मारून बसली, मला परत पाठवू नका म्हणाली. भावाने तिला उचलून मेण्यात बसवली. तह मोडला तर जकात जाणार होती. पलीकडच्या गावात मेणा उतरला तेव्हा आत बाई नव्हती, उभा दगड होता.

ही झाली आमच्या गावची गोष्ट. लहानपणी मला ती फार आवडायची, विशेषतः दगडाची जागा. बाई दगड होते म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

तो भाऊ आमचा मूळपुरुष. त्याच्या करणीची भरपाई म्हणून आमच्या घरातल्या एका पुरुषाने दरवर्षी खिंड ओलांडून तिच्या दगडापाशी जायचं, नारळ वाढवायचा, तिला हाक मारायची आणि पाठ फिरवून घरी चालू लागायचं. ती मागून येते. वाटेत मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं तर ती तिथूनच परत जाते आणि आमच्या घरातल्या मुलींचं माहेर तुटतं. घरी आल्यावर तिचे पाय धुवायचे, तिला ताट वाढायचं, ओटी भरायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुराळ्यानेच तिला परत नेऊन सोडायची. एवढंच तिचं माहेरपण.

पलीकडच्या गावालाही त्या दिवसाचं वागणं ठरलेलं होतं. मुराळी गावात शिरला की त्यांनी दारं लावून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं. निघालेल्या राणीबायला सासरच्या माणसाने पाहिलं तर त्याचे डोळे जातात, अशी त्यांची समजूत. मुराळी वेशीबाहेर पडेपर्यंत ते अख्खं गाव आंधळं असायचं.

आमच्या घरातली मुलगी खिंडीपलीकडे द्यायची नाही, हाही एक जुना दंडक. बाबांनी तो मोडला.

बाबा वाईट नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांचा राग येईल. ते गावकर होते, म्हणजे गावच्या देवाधर्मात आणि भांडणतंट्यात पहिला शब्द त्यांचा. बैलांचे तांडे कधीच संपले होते, पण खिंड तिथेच होती, आणि तिच्यात आता काजूची लागवड आणि एक बारमाही झरा होता. दोन्ही गावं म्हणायची, आमचा. रत्नागिरीच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडत होत्या आणि दोन्हीकडची माणसं एकाच एसटीने एकमेकांकडे पाठ करून कोर्टात जायची. त्यात पलीकडून निरोप आला. दाव्यातला त्यांचा मुख्य माणूस म्हणत होता, तुमची थोरली आमच्या मुलाला द्या, दावा काढून घेऊ, झरा दोघांचा.

आईने सुचवलं की देवाला कौल लावून विचारावं. बाबा म्हणाले, मुलगा मुंबईत कायम नोकरीला आहे, यात देवाला काय विचारायचं. आता डांबरी रस्ता हातखंब्यापर्यंत जातोय आणि तुम्ही सुलतानाच्या काळात बसलाय. ताईला कुणीच विचारलं नाही. ती तशी अबोल. तिच्या वाट्याचं बोलणं मला आणि माझ्या वाट्याचं ऐकणं तिला, अशी अदलाबदल आमच्या जन्माच्या वेळी झाली असावी असं आई म्हणायची. लग्नात दोन्ही गावांनी एका पंगतीत जेवण घेतलं आणि म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीसुद्धा नवा परकर मिरवत होते.

त्यानंतर ताई घरी आली नाही. नागपंचमीला काका मुंबईहून खास मुराळी म्हणून आला, तर तिच्या सासूने ओटीवरच त्याला चहा पाजून परत लावला. कामाचे दिवस आहेत. दिवाळीला तिला ताप होता. शिमग्याला तिला यायचंच नव्हतं म्हणे. आई दर वेळी तांदळाचे लाडू करायची आणि ते आम्ही खायचो. बाबा म्हणायचे, नवीन घर आहे, रुळायला वेळ लागतो.

मला ती मधे एकदाच दिसली, हातखंब्याच्या नाक्यावर. मी शाळेच्या कामाने रत्नागिरीला निघाले होते. ती सासूबरोबर उभी होती. एवढ्या उकाड्यात तिने लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं आणि पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला होता. मी धावत जाऊन तिचा हात धरला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग रस्त्याकडे. मी बोलत राहिले, ती गप्प. सासू हसून म्हणाली, "मौन धरलंय गो तिनं. बोलायची न्हाय." तेवढ्यात त्यांची गाडी लागली. ताई चढताना तिचं पाऊल पायरीवरून सुटलं, तेव्हा मला तिची टाच दिसली. टाचेला चिखल होता, वाळलेला, जुना. माझी ताई पाय घासल्याशिवाय अंथरुणावर जात नसे.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. बाबा सुपारी कातरत म्हणाले, बायका व्रतं करतात. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर आई परसात उभी राहून खिंडीकडे बघत होती, आणि हातातलं भांडं घासून घासून तिने पार पांढरं केलं होतं.

त्या वर्षी देवदिवाळीला काकाचं येणं रद्द झालं. मुंबईत कारखान्यात पायावर लोखंड पडून तो इस्पितळात होता. आता मुराळी कोण, असा पेच पडला. लेकींचा बाप मुराळी होत नाही, घरातला भाऊ होतो, ही रीत. आम्हाला भाऊ नाही. भावकीत मूळपुरुषाच्या थेट रक्ताचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. चार जाणती माणसं म्हणाली, यंदा राहू दे. तेव्हा आई माजघराच्या दारात येऊन म्हणाली, "धाकटी हाय की. कौल लावा."

मंडळी हसली. मग गुरवाने देवाला विचारायला काय जातंय म्हणून ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. अशा वेळी माणसं तासन्‌तास बसून राहतात. गुरवाचं गाऱ्हाणं अर्ध्यावर होतं तोच उजवी पाकळी पडली, नुसती गळून नाही, कुणी बोटाने टिचकी मारावी तशी लांब उडून. गुरवाने तोंड मिटलं. त्याला पुढचे शब्द आठवेनात.

मी तेव्हा दहावीत होते. आईने माझ्या वेण्या गुंडाळून वर बांधल्या आणि त्यांवर मुंडासं चढवलं. ते कानांवर घसरत होतं. एरवी मी आरशासमोर चार नकला केल्या असत्या, पण आईचे हात थंडगार होते आणि ती माझ्या डोळ्यांत बघत नव्हती. "मागं बघायचं न्हाय," ती म्हणाली. "काय बी ऐकू आलं तरी. उंबऱ्यापर्यंत न्हाय."

जेवणं आटोपल्यावर मी निघाले. भातं झोडून झालेली, कुणग्यांत, म्हणजे भाताच्या वाफ्यांत, नुसते सड उरलेले. पाखाडीच्या पायऱ्या चढून सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, आले तेव्हा ऊन होतं, गवत पिवळं पडलं होतं. जाताना मला अजिबात भीती वाटली नाही. मी गाणंही म्हटलं. खिंडीत झऱ्यावर पाणी प्याले आणि उतरणीला लागले.

पलीकडच्या वेशीवर एक कुत्रं भुंकलं आणि मला, म्हणजे मुंडाशाला, बघून गप्प झालं. मग दारं लागायला सुरुवात झाली. आधी एक, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं, माझ्या पावलांच्या जरा आधी. खळ्यात दाणे निवडणारी बाई सूप तसंच टाकून भिंतीकडे वळली आणि पदर डोळ्यांवर ओढून बसली. एक मूल पुढे आलं, तर म्हाताऱ्याने त्याचं तोंड स्वतःच्या छातीत दाबलं. कुणी बोलत नव्हतं. चुली धुमसत होत्या, रहाटाची दोरी अजून हलत होती, आणि सगळीकडे पाठी. आपल्याला कुणीच बघत नाही म्हटल्यावर माणसाला हायसं वाटेल असं वाटतं. तसं होत नाही. मी आहे की नाही याचीच मला शंका यायला लागली.

ताईचं घर वाटेवरच होतं. त्याचंही दार बंद. ओटीवर तिची सासू भिंतीला कपाळ टेकून बसली होती. मला ओरडून विचारावंसं वाटलं, पण मुराळ्याने त्या गावात बोलायचं नसतं, आणि त्या शांततेत माझा आवाज फुटलाही नसता. घराच्या बाजूला जुना मांगर होता, गवत-लाकडं ठेवायचा. त्याच्या दाराला बाहेरून कडी होती.

ती कडी मी पाहिली आणि पुढे गेले. गुरं असतील, असं मला वाटलं.

दगड गावाच्या वरच्या टोकाला होता. माझ्याच उंचीचा, काळा, वरच्या अंगाला बांगड्या भरलेला एक हात कोरलेला. मी नारळ वाढवला, कुंकू लावलं आणि आईच्या नावाने बोलावणारी, शिकवलेली हाक मारली. "राणीबाय, आवशीनं बोलावलंय. चल." मग पाठ फिरवली आणि चालू लागले.

परत येताना त्याच घरांवरून, त्याच पाठींवरून गेले. ताईच्या घरापाशी पायांना वेग दिला, कारण तिथे थांबले असते तर मला रडू आलं असतं. वेस ओलांडली. चढ सुरू झाला आणि मागून आवाज आला.

जोडव्यांचा आवाज. जांभ्या दगडावर जोडवी लागली की बारीक किणकिण होते, ती आमच्याकडच्या कुठल्याही मुलीला झोपेतसुद्धा ओळखता येते. मी थांबले, ती थांबली. मी चालले, ती चालली. काकाने कधी सांगितलं नव्हतं की आवाज येतो. मी त्याला विचारायची, काका, येते का रे खरंच? तर तो म्हणायचा, येत असेल बाय, मी बघतो कुठं.

खिंडीत सावली उतरली होती. झऱ्यावरून पुढे गेले तेव्हा मागे कुणीतरी पाणी प्यालं. ओंजळीने, घाईघाईने, खूप वेळ. देवाला इतकी तहान लागते का? मला असं वाटलं की हिला कित्येक दिवसांत पाणीच मिळालेलं नाही, आणि त्या विचाराने माझी भीती थोडी कमी झाली. काही कळायच्या आत मी बोलायला लागले होते. घरच्या मुलीशी बोलावं तसं. मागे न बघता सांगितलं की तांबू गाय व्यायली, पाडी झालीये. काकाचा पाय मोडलाय. आईने घावणे करायला घेतले असतील, गूळ-खोबऱ्याचा रस पण असेल. मग म्हणाले, माझी एक बहीण आहे तुझ्याच गावात दिलेली. तिला आम्ही आणू शकत नाही. तू देव आहेस तर तिच्याकडे बघ ना जरा.

मागे हुंदका आला. मागे मान वळू नये म्हणून मी मुंडाशाचं टोक दातांत धरलं. उरलेला सडा मी कसा पार केला ते आता आठवत नाही. आठवतो तो हळदीचा वास, ओल्या हळदीचा, नवरीच्या अंगाला येतो तसला, आणि तो माझ्या अगदी जवळून येत होता. किणकिण मात्र लांबून येत होती. एकाच बाईचा वास जवळ आणि पावलं लांब, हे काही बरोबर नाही, एवढं मला तेव्हासुद्धा जाणवलं.

दिवेलागणीला घरापुढच्या खळ्यात, अंगणात, आले. आई पाण्याची कळशी घेऊन पायरीवर उभी होती. बाबा, गुरव आणि दोघे-तिघे मानकरी रीतीप्रमाणे ओटीवर खाली मान घालून बसलेले. आईने माझ्या पायांवर पाणी घातलं. मग वाकूनच, नजर जमिनीला ठेवून, ती माझ्या मागे एक पाऊल सरकली आणि तिथल्या मोकळ्या जागेवर पाणी घातलं, दरवर्षी घालते तसं. मग तिला आणखी थोडं मागे दोन पाय दिसले. चिखलाने भरलेले, खरचटलेले. आई तशीच वाकलेली राहिली. तिने वर पाहिलंच नाही. कळशीतलं उरलेलं सगळं पाणी तिने त्या पायांवर घातलं, हाताने टाचा चोळल्या, बोटांमधला चिखल काढला. मग तिथेच बसकण मारून ती पाय कवटाळून रडायला लागली आणि मला म्हणाली, "आता बघ मागं."

ताई उभी होती.

तिला उंबऱ्याच्या आत घेतलं, तेव्हा सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं उमटली. माझी, आईची, ताईची. ती आम्ही सगळ्यांनी पाहिली. माझ्या आणि ताईच्या पावलांच्या मधोमध आणखी एक ओळ होती. लहान, अरुंद, टाच न टेकता चालणाऱ्या बाईची. ती माजघरातल्या पाटापर्यंत गेली होती, जिथे राणीबायचं ताट मांडलेलं असतं. गुरव ते बघून देवळाकडे निघून गेला. बाबांनी कंदिलाची वात खाली केली.

लग्नानंतर काही महिन्यांतच ताईच्या सासरचे दोन बैल मेले, मग तिचा सासरा अंथरुणाला खिळला. मुराळ्याच्या घरातली मुलगी आणली, तिच्या पायगुणाने हे झालं, असं ठरलं. नवरा मुंबईहून येईनासा झाला. तिला मांगरात ठेवलं. तिचा आवाजही घरात नको म्हणून तिला बोलायची बंदी. त्या दिवशी दुपारी, दारं लागायच्या थोडं आधी, तिला पाणी आणायला बाहेर काढलं होतं. सगळे भिंतीकडे वळले तेव्हा ती मांगराच्या आडोशाला उभी होती. तिला ठाऊक होतं की या एका वेळेपुरतं तिला कुणी बघणार नाही. ती आतच आहे असं वाटावं म्हणून तिने मांगराला बाहेरून कडी घातली आणि मी परत जाताना माझ्या मागे चालू लागली. हे सगळं तिने तुकड्यातुकड्याने, फार दिवसांनी सांगितलं. त्या संध्याकाळी ती एकच वाक्य बोलली. आई तिच्या दंडावरच्या डागांना खोबरेल लावत होती, आणि ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तिच्याशी बोलत होतीस ना, तेव्हा ती हसत होती."

"कोण?" मी विचारलं.

"तुझ्या मागं होती ती. मी तिच्या मागनं आलं."

सकाळी खळं माणसांनी भरलं. पलीकडच्या गावाचे लोक सीमेवर येऊन थांबल्याचा निरोप आला होता. त्यांनी निरोपात ताईचं नावसुद्धा काढलं नव्हतं. फक्त म्हटलं होतं, रीतीप्रमाणे बाई परत पोचवा. बाबा रात्रभर बसूनच होते. त्यांचा चेहरा उतरला होता आणि ते कुणाकडे न बघता बोलत होते. मुलगी ठेवून घेतली तर दावा उभा राहील, झरा जाईल, पुन्हा डोकी फुटतील. आपण जाऊन त्यांना समज देऊ, कागदावर लिहून घेऊ की नीट वागवतील. पण पोचवायला लागेल. राणीबायला तर पोचवायलाच लागेल, तिला अडवली तर गावाचं काय होईल ते सांगता येत नाही. जाणत्यांनी माना हलवल्या. खरं सांगते, त्या क्षणी मला बाबांची चीड आली आणि कीवही आली, कारण त्यांचा आवाज गोष्टीतल्या त्या भावाचा होता. तो आवाज कसा असेल याचा मी लहानपणी खूप विचार केला होता. तो इतका साधा, इतका समजूतदार असेल असं मला वाटलं नव्हतं.

आई ताईचा हात धरून बाहेर आली. ती चार पुरुषांसमोर कधी बोलत नसे.

"एकीला लावून दिलीत, तिचा दगड झाला," ती म्हणाली. "दर वर्षी मीच तिला घावणे घालतंय, नि सकाळी मीच लावून देतंय. आता मी न्हाय लावून द्यायची. हिला न्हाय, नि तिलाबी न्हाय."

मग सगळ्यात म्हातारा मानकरी हळूच म्हणाला की हे बाईमाणसाने ठरवायचं नाही, गावकरानेही नाही. मुराळ्याने आणली, मुराळ्यानेच पोचवायची. मुराळ्याला विचारा. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या डोक्यावर अजून ते मुंडासं होतं, कारण पोचवून येईपर्यंत ते काढायचं नसतं.

इतकी वर्षं मी घरात सगळ्यांच्या आधी बोलत आले होते. तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. माझ्या उजव्या खांद्यामागे हळदीचा वास आला, आणि कुणीतरी श्वास रोखून धरलाय असं वाटलं. मी मुंडासं काढलं. वेण्या पाठीवर पडल्या. मुंडाशाची घडी करून ती बाबांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "मी कुणाला पोचवणार नाही."

मागे श्वास सुटला. तो मी एकटीनेच ऐकला असं मी समजत होते, पण बाबांनी दचकून माझ्या मागे पाहिलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. दावा उभा राहिला. झरा आमच्या हातून गेला आणि उन्हाळ्यात आम्ही लांबून पाणी आणायला लागलो. त्यावरून गावातल्या बायकांनी आईला कधी टोमणा मारला नाही, पुरुषांनी मारले. बाबांचं गावकरपण राहिलं, पण त्यांना विचारायला कुणी येईना. ताई शिवण शिकली. हळूहळू तिचा आवाज परत आला, आधी गुरांशी, मग माझ्याशी. मुराळी त्यानंतर कधीच गेला नाही, कारण आणायला तिकडे कुणी उरलं नव्हतं. पलीकडच्या गुरवाने आमच्या गुरवाला सांगितलं म्हणे, की त्या दगडावर आता कुंकू टिकत नाही. लावलं की गळून पडतं.

आमच्या घरात रोज एक ताट जास्त मांडलं जायचं. त्याबद्दल कुणी बोलत नसे. पहाटे आई उठायच्या आधी कधी कधी जात्याचा खुंटा फिरल्याचा आवाज यायचा. मी भ्यायची, ताई भ्यायची नाही. बाबा तर त्या आवाजाने उठून बसायचे आणि उजाडेपर्यंत तसेच बसून राहायचे. त्यांच्या मनात काय चालायचं ते मला काही वर्षांनी, माझ्या लग्नाच्या दिवशी, कळलं.

मला रत्नागिरीत दिलं, मांडवीला. वरात जीपने जायची होती, आणि जीप गावच्या सीमेवर थांबली होती, कारण वरपर्यंत रस्ता नव्हता. सगळे मला पोचवायला चालत आले. जीपपाशी बाबा पुढे झाले. ते त्या वर्षीपासून माझ्याशी कामापुरतंच बोलत असत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मुराळी येईल म्हणून बसू नको," ते म्हणाले. "आमचा काय भरवसा न्हाय. तुझी तू ये. कवाबी ये. दार उघडं हाय."

जीप सुरू झाली. वळण येईपर्यंत मी मागे बघत राहिले. त्या दिवशी मला कुणीच मनाई केली नव्हती. बाबा रस्त्याच्या मधोमध उभे होते. त्यांच्या मागे आई, तिचा डावा हात ताईच्या खांद्यावर. उजवीकडे कुणीच नव्हतं, पण आईने तो हातही तसाच उचलून धरला होता, ताईपेक्षा थोड्या ठेंगण्या बाईच्या खांद्यावर ठेवावा तसा.